भंगारातून महाल: कुणी शिकवलं नसताना मळ्यात स्वतःच्या हातानं कसं बांधायचं

दोन वर्षांपूर्वी आमची मखमलाबादकडची द्राक्षबाग काढली. अवकाळी, करपा, कर्ज, हे सगळं नाशिकवाल्यांना नव्यानं सांगायला नको. बाग गेली पण लोखंडी अँगल आणि तारेची बंडलं तशीच बांधावर पडून राहिली, आणि भंगारवाला जो भाव सांगत होता तो ऐकून नाना (माझे सासरे) म्हणाले, सडलं तरी चालेल पण ह्या भावात देणार नाही. त्याच अँगलचा मी आधी एक मोर केला, मग बाटल्यांची भिंत, आणि आता एक कमान अर्धी झालीय. येणारा जाणारा गाडी थांबवून विचारतो, ताई कोर्स केलाय का. नाही केला. शिवणाचा केला होता, तोपण अर्धवट. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते म्हणजे प्रत्येकाला बांधावर उभं राहून सांगायला नको.

ह्या प्रकाराला जगात आउटसायडर आर्ट म्हणतात, रॉजर कार्डिनल नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९७२ मधे तो शब्द रूढ केला, आणि त्याच्या आधी फ्रान्समधे जाँ द्युब्युफे नावाचा चित्रकार आर्ट ब्रूट, म्हणजे कच्ची कला, म्हणायचा. मला आउटसायडर शब्द फार पटत नाही. बाहेरचा म्हणजे कुणाच्या बाहेरचा? चंदीगडचं रॉक गार्डन रचणारे नेकचंद सरकारी रोड इन्स्पेक्टर होते, फ्रान्समधे दगडांचा महाल बांधणारा फर्दिनां शेव्हाल पोस्टमन, अमेरिकेत लॉस एंजेलिसला वॉट्स टॉवर्स बांधणारा सायमन रोदिया इटलीहून आलेला बांधकामावरचा, टाइल बसवणारा माणूस. सगळी डबा घेऊन कामाला जाणारी माणसं. लोक त्यांच्या वेडाचं कौतुक करतात पण मला विचाराल तर त्यांची कामं अजून उभी आहेत ती त्यांना माल (सिमेंट-वाळूचा) कालवता येत होता म्हणून. वेड काय, आपल्याकडं घरटी एक असतं.

म्हणून ह्यात कल्पना कशी सुचवायची वगैरे काही मिळणार नाही. माल, पाणी, तार, एवढंच.

आधी जमवा

चित्र काढून मग सामान शोधायला जाऊ नका, तसं केलं की बाजारातनं नवीन टाइल विकत आणावी लागते आणि मग ते हॉटेलच्या रिसेप्शनसारखं दिसतं. उलटं करा. सहा महिने नुसतं जमवा, आणि काय ढिगानं मिळतंय ते बघा, जे ढिगानं मिळतंय त्याचंच तुमचं बांधकाम होणार. नेकचंदांनी तेच केलं. चंदीगड नवीन वसत होतं, त्यासाठी जुनी गावं उठवली होती, त्यांच्या घरांचा मलबा, फुटके संडासाचे भांडे, कपबशा, बांगड्या, डांबराचे पिंप, हे सगळं सायकलवरून आणून सुखना तलावाजवळच्या जंगलात १९५७ पासून गुपचूप रचत बसले. जवळपास अठरा वर्षं वरच्या साहेबांना पत्ता नाही. सरकारी जागेवर बेकायदा बांधकाम! सापडलं तेव्हा पाडायच्या गोष्टी झाल्या, पण लोकांना ते आवडलं आणि १९७६ मधे तेच रॉक गार्डन म्हणून उघडलं, त्यांना पगार चालू ठेवून हाताखाली ५० मजूर दिले, १९८४ ला पद्मश्री. (आपल्याकडं करून बघू नका, सगळ्यांचं नशीब तसं नसतं.)

आता नाशिकमधे ढिगानं काय मिळतं? द्राक्षबागेचे अँगल आणि तार, हे तर कुठल्याही मळ्यात. टाइलच्या दुकानांमागं फुटका माल, उचलून नेलात तर आभार मानतात. गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टांमधून वाईनच्या बाटल्या, हिरव्या जास्त, निळी क्वचित. जुन्या नाशकात एखादा वाडा पाडायला काढलेला असतो तिथं लाकूड महाग पडतं पण कौलं, जुन्या विटा, फुटक्या फरशा देतात. बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात तुटकी पितळी कडी, कुलपं, चिनीमातीच्या बरण्यांची झाकणं. मिसळवाल्यांकडं जाऊ नका, सगळं स्टीलचं असतं, काही फुटतच नाही.

आणि बांगड्या. भद्रकालीत एका कासाराच्या दुकानात मी गेले आणि म्हटलं मावशी तुमच्याकडच्या फुटक्या बांगड्या द्याल का, तर दुकानातल्या तिन्ही बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मावशी हळूच म्हणाली, "फुटक्या नाही गं म्हणायचं, वाढलेल्या म्हण." माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग तिनं खालून एक खोकं काढलं, लाल-हिरव्या-सोनेरी तुकड्यांचं, दोन्ही हातांनी उचलावं लागलं इतकं जड. "ने, पण अमावस्येला नको येऊस." घरी आमच्या आईंनी (सासूबाई) ते खोकं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अजूनही नाही. ते शेडमधे असतं आणि आई मोराच्या त्या बाजूनं जात नाहीत, फेरा घालून गोठ्याकडं जातात. ह्यावर माझ्याकडं काही उपाय नाही, तुमच्या घरी असंच होऊ शकतं म्हणून सांगितलं.

जमवलेलं लगेच वेगळं करा. रंगाप्रमाणं, जाडीप्रमाणं. द्राक्षाचे प्लास्टिकचे क्रेट ह्याला एक नंबर, धुवायलापण सोपं, पाइप मारला की खालून पाणी जातं. धुणं टाळू नका. मातीचा, तेलाचा हात असलेल्या तुकड्याला सिमेंट धरत नाही, सहा महिन्यांनी टपकन पडतो.

जागा, परवानगी, पाया

शहरात असाल तर आधी पालिकेत विचारा, सोसायटीत असाल तर सोसायटीत विचारा, नदीच्या जवळ असाल तर निळी-लाल पूररेषा बघा, आणि भाड्याच्या घरात असाल तर कुंडीएवढंच करा. उंची डोक्याच्या वर नेऊ नका. सहा फुटांच्या पुढं जायचंय तर सिव्हिल इंजिनिअरला एकदा चहाला बोलवा, तेवढं जमतं.

पायाचं खरं भांडण आपल्याकडं काळ्या मातीशी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर जे काही ठेवलंय ते तिच्याबरोबर वरखाली होतं. शेतकऱ्याच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं तरी मी पहिला खांब नुसता दीड फूट खड्डा करून रोवला आणि मेमधे तो हात जोडल्यासारखा पुढं झुकला. त्यामुळं मुरूम लागेपर्यंत खोदा. आमच्याकडं तीन फुटांवर लागला, तुमच्याकडं वेगळं असेल. खड्डा त्याच काळ्या मातीनं बुजवायचा नाही, मुरूम आणि दगडगोटे धुमसून भरायचे, वर काँक्रीट. आणि भोवती पाणी साचणार नाही असा उतार.

रोदियाच्या सगळ्यात उंच मनोऱ्याचा पाया फक्त १४ इंच खोल आहे आणि मनोरा जवळपास १०० फूट. हे वाचून माझ्या भाच्यानं मला लगेच फोन केला की मामी तू उगाच खोदतेस. अरे बाबा, तिथली माती वेगळी, त्याचे मनोरे एकमेकांना कमानींनी बांधलेले, आणि तो माणूस ३३ वर्षं रोज तेच करत होता. आपण खोदायचं.

सांगाडा

हे आतलं हाड. जे करायचंय त्याचा अंदाजे आकार अँगलनं किंवा सळईनं उभा करा, मग त्यावर तार गुंडाळा, मग चिकन जाळी, दोन-तीन थर. वेल्डिंग येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही कारण रोदियानं वॉट्स टॉवर्समधे एकपण वेल्ड, बोल्ट, रिव्हेट वापरलेला नाही, स्टीलचे पाइप आणि सळया तारेनं आणि जाळीनं गुंडाळल्या आणि वरून सिमेंट. सळई वाकवायला जवळच्या रेल्वेच्या रुळात अडकवायचा म्हणे, आणि वर चढायला परांची नाही, खिडक्या पुसणारे बांधतात तसला पट्टा कमरेला आणि बादली हातात. १९२१ ते १९५४. मग एक दिवस जागा शेजाऱ्याला देऊन टाकली आणि निघून गेला, परत आलाच नाही. मागून पालिकेनं धोकादायक म्हणून पाडायचा हुकूम काढला तेव्हा लोक भांडले, १९५९ मधे चाचणी घ्यायचं ठरलं, मनोऱ्याला आडवा १०,००० पौंडांचा ताण लावला म्हणजे साडेचार हजार किलोच्या आसपास, मनोरा जागचा हलला नाही, ओढणारं सामानच वाकलं. एका माणसानं हातानं तार पिळून केलेल्या कामावर इंजिनिअर लोकांची चाचणी! मला हा प्रसंग फार आवडतो, त्यामुळं लांबला.

तार पिळायला सेंट्रिंगवाले वापरतात तो हूक आणा, पक्कडीनं करत बसलात तर संध्याकाळपर्यंत मनगट जातं. बांधायला बाइंडिंग वायर. बागेची तार गॅल्व्हनाइज्ड असते ती आकाराला चांगली, पण तिला स्प्रिंगसारखा ताण असतो, बंडल सोडताना टोक पायाखाली धरा नाहीतर तोंडावर येते. जुन्या अँगलवरची गंजाची पापडी तारेच्या ब्रशनं काढा. थोडा घट्ट धरलेला लालपणा राहिला तर चालतो पण सुटणारी पापडी अजिबात नको. आणि जो भाग सिमेंटच्या आत जाणार त्याला ऑइलपेंट मारू नका, माल चिकटत नाही.

बांधून झालं की सांगाड्याला धरून हलवा. सिमेंट लावल्यावर घट्ट होईल असं मनाला सांगायचं नाही. आता कुठं डुगडुगतंय तर आताच तिथं तार मारा. मोराच्या मानेला मी हे केलं नाही आणि माल ओला असताना मान हलली, आतून बारीक चीर गेली, ती आजही दिसते. मी तिथं सोनेरी बांगड्या लावून हार केलाय. सगळे म्हणतात काय सुंदर कल्पना.

माल

इथं सगळं आहे. इथं चुकलात तर बाकी कितीही छान केलं तरी दुसऱ्या पावसाळ्यात हातात येतं.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लेनर्ड नाइट नावाचा माणूस होता, त्यानं एक अख्खी टेकडी रचून रंगवली, सॅल्व्हेशन माउंटन. १९८४ ला सुरू केलं. पैसे कमी, म्हणून सिमेंट वाचवायला वाळू जास्त घालत गेला, वाळू जास्त, वाळू जास्त, आणि १९८९ ला सगळी टेकडी बसली. ह्या माणसाचं मोठेपण असं की तो म्हणाला बरं झालं कुणी मेलं नाही, आणि दुसऱ्यांदा चिकणमाती आणि गवताच्या काडाचा गारा करून, वर रंगाचे थरावर थर देऊन परत बांधली. म्हणजे आपल्या आजीच्या भिंतीचंच काम! पण आपल्या पावसात उघड्यावर मातीचा गारा धरणार नाही, त्यामुळं आपण सिमेंटच.

प्रमाण: एक घमेलं सिमेंटला दोन घमेली वाळू, फार तर अडीच. गवंडी प्लास्टरला एकास चार, एकास पाच घालतात ते भिंतीवर ठीक आहे, जाळीवर नाही. सिमेंट ताजं घ्या, गोणीवरचा आठवडा-महिना वाचा. मला एका दुकानदारानं मागचा माल दिला होता, गोणीच्या कोपऱ्यात खडे झालेले, मी ते चाळून वापरलं, काटकसर! त्यातलं एक पीस नखानं खरवडलं की पावडर निघते.

वाळू धुतलेली आहे का ते असं बघा: काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसते, वर गाळाचा थर. तो थर जाड दिसला, म्हणजे दहाव्या हिश्श्याच्या घरात गेला, तर ती वाळू धुवून घ्या किंवा परत पाठवा. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) चालते पण त्यातली पीठ-पीठ भुकटी चाळून काढा.

पाणी. सगळे इथंच घालवतात. माल लावायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवतात आणि तो सुकताना आकसून चिरा पडतात. मुठीत घेऊन दाबला की लाडू वळला पाहिजे आणि लाडू तसाच राहिला पाहिजे, बोटांमधून पाणी ओघळलं तर जास्त झालं. एका वेळी एवढाच कालवा जेवढा अर्ध्या तासात संपेल. उरलेला घट्ट झाला की त्यात पाणी मारून परत मळायचा नाही, तो गेला, पायवाटेच्या खड्ड्यात टाका.

हातात रबरी मोजे घाला. सिमेंट त्वचा खातं, लगेच कळत नाही, रात्री बोटांची टोकं चरचरतात आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येत नाही.

लावताना पहिला थर जाळीच्या आत दाबून, शक्य असेल तर एकानं मागून फळी धरायची आणि दुसऱ्यानं पुढून दाबायचं, म्हणजे आत पोकळी राहत नाही. आमच्याकडं फळी नाना धरतात आणि पूर्ण वेळ बाग काढायला नको होती हेच सांगतात. पहिला थर गुळगुळीत करू नका, ओला असतानाच खिळ्यानं आडव्यातिडव्या रेघा मारा, दुसरा थर त्यात धरतो. अँगलवर सगळीकडून निदान पाऊण इंच माल आला पाहिजे. लोखंड उघडं राहिलं की पाणी आत शिरतं, गंज फुगतो आणि आतून सिमेंट फोडून बाहेर येतो. जुन्या बिल्डिंगच्या बाल्कनीखाली सळया दिसतात ना, तेच.

आणि मग पाणी मारणं. दहा दिवस तरी, चौदा मारलेत तर आणखी चांगलं. गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं, वरून प्लास्टिक टाकलंत तर दिवसातनं दोनदा पाणी पुरतं. म्हणूनच मी एप्रिल-मेमधे हे काम करत नाही, चाळीसच्या वर पारा गेला की माल हातात सुकतो आणि टँकरचं पाणी मोराला घालताना शेजारीपाजारी बघतात ते वेगळं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपला सीझन. थंडीत सिमेंट सावकाश बसतं, ते चांगलंच आहे. पावसाळ्यात धुवायचं, निवडायचं, तुकडे करायचे.

तुकडे लावणं

टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब शोषला गेला तर साधी सिरॅमिक, ती लावायच्या आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि पकड सुटते. थेंब तसाच उभा राहिला तर व्हिट्रिफाइड, ती कितीही भिजवली तरी साध्या सिमेंटला धरणार नाही, तिला दुकानात मिळतं ते टाइल अॅडेसिव्हच पाहिजे. हे मला कुणी सांगितलं असतं तर माझे चाळीसेक तुकडे आणि एक पूर्ण आठवडा वाचला असता.

तोडताना गोणपाटात गुंडाळून वरून हातोडी. चष्मा घालून. खरंच घाला, साठ-सत्तर रुपयांचा कारखान्यातला गॉगल मिळतो. दक्षिण आफ्रिकेत न्यू बेथेस्डा गावात हेलन मार्टिन्स नावाची बाई होती, तिनं आपल्या घराच्या आत भिंतींना आणि छताला काचेचा चुरा लावून सगळं घर लखलखतं केलं, रात्री दिवे लावले की उजेड भिंतीभिंतीतून यावा म्हणून, आणि अंगणात सिमेंटची घुबडं, उंट, माणसं. आउल हाऊस म्हणतात त्याला. पण वर्षानुवर्षं काच बारीक करण्यात तिचे डोळे गेले, म्हणजे दिसणं फार कमी झालं. जिनं सगळं घर उजेडासाठी केलं तिचं असं झालं. मी भाचरांना शेडमधे गॉगल नसताना पाय ठेवू देत नाही.

बांगडीचा तुकडा निम्मा आत जाईल एवढा दाबायचा, धारेची टोकं आतल्या बाजूला. लहान मुलं हात फिरवतातच, हे धरून चालायचं. बशीचे तुकडे वक्र असतात ते पोटावर, पंखावर, गोल भागावर छान बसतात, सपाट ठिकाणी त्यांची किनार वर येते. दोन तुकड्यांत निदान करंगळीच्या नखाएवढी फट ठेवा. सांधे भरायला पांढरं सिमेंट वापरू नका, आपल्या धुळीत महिन्यात पिवळं पडतं, काळा किंवा विटकरी ऑक्साइड टाकून साधं सिमेंट भरा, रंग उठून दिसतात. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या स्पंजनं पुसा. विसरलात तर दुसऱ्या दिवशी चाकूनं खरवडत बसाल.

कुठला तुकडा कुठं, ह्याबद्दल मी काही सांगणार नाही. फ्रान्समधे शार्त्र गावात रेमों इझिदोर होता, दफनभूमीत झाडूकामाला, त्यानं १९३८ पासून घर, अंगण, खुर्च्या, चूल, अगदी बायकोचं शिवणयंत्रसुद्धा फुटक्या बशांनी मढवलं. लोक त्याला पिकासिएत म्हणायचे, चिडवायलाच. त्याला कुणी डिझाइन दिलं नव्हतं. शिवणयंत्राचं मात्र मला राहून राहून वाटतं, त्या बाईनं पुढं फॉल-पिको कुठं केला असेल.

बाटल्यांची भिंत

थोडक्यात सांगते कारण सोपं आहे. बाटली पूर्ण वाळवा, बूच घट्ट लावा, आडवी ठेवा, बूड बाहेर. दोन बाटल्यांत दोन बोटं अंतर. काच पाणी पीत नाही त्यामुळं माल लवकर घट्ट होत नाही, म्हणून दिवसाला तीनच थर, चौथा चढवलात की खालच्या बाटल्या घसरतात आणि रात्री आवाज येतो. भिंतीची लांबी चार-पाच फुटांपेक्षा जास्त असेल तर मधे खांब द्या. ट्रेसा प्रिझ्ब्री म्हणून अमेरिकेतली आजी, साठाव्या वर्षी १९५६ मधे तिनं बाटल्यांची खोली बांधायला घेतली, कारण काय तर तिच्याकडं हजारोंनी पेन्सिली होत्या त्या ठेवायला जागा नव्हती! कचऱ्यातनं बाटल्या आणून एकेक करत अख्खं बॉटल व्हिलेज झालं. १९९४ च्या भूकंपात त्याचं बरंच नुकसान झालं. तेव्हा उंच भिंत आणि खाली बसायचा बाक, असं करू नका.

पूर्वेकडं तोंड करा. सकाळी साडेसातला आमच्या भिंतीचा हिरवा उजेड शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडतो तेव्हा मी चहा तिथंच घेते.

रोज किती करायचं

शेव्हाल रोज पायी तीसेक किलोमीटर टपाल वाटायचा. १८७९ मधे एका दगडाला ठेच लागली, दगडाचा आकार आवडला, खिशात घातला. दुसऱ्या दिवशी आणखी दगड. मग टोपली, मग हातगाडी, आणि कामावरून आला की दिव्याच्या उजेडात बांधकाम. १९१२ ला संपलं, ३३ वर्षं. त्या महालात त्यानं मशीद, स्विस घर आणि एक हिंदू देऊळपण केलंय, बघितलेलं काहीच नाही, सगळं पोस्टकार्डं आणि मासिकातली चित्रं बघून. काळाराम मंदिर रोज बघणाऱ्याला ते देऊळ वाटेल की नाही सांगता येत नाही, पण त्या हातगाडीलापण त्यानं महालात मानाची जागा दिलीय, आपल्याकडं दसऱ्याला अवजारांची पूजा करतात त्यातलंच. महालात स्वतःला पुरायची परवानगी मिळाली नाही तर म्हातारा गावच्या दफनभूमीत स्वतःची समाधी बांधत बसला, आणखी आठ वर्षं.

मला तेहतीस वर्षं नाहीत आणि घरात सात माणसांचा स्वयंपाक आहे. मी दुपारी जेवणं झाल्यावर सव्वा तास करते. एका सव्वा तासात ताटाएवढा भाग पूर्ण होतो, माल कालवण्यापासून घमेलं धुण्यापर्यंत. तेवढाच करायचा, कारण जास्त हावरेपणा केला की शेवटचे तुकडे कसेही लागतात आणि तीच जागा पुढं दिसत राहते. घमेलं, थापी लगेच धुवा. उद्या धुऊ म्हटलं की त्यावर सिमेंटची कातडी चढते आणि पुढच्या वेळी तिचे खवले मालात येतात.

लोक काय बोलतील त्याची यादी मी करून ठेवली होती, आता कंटाळा आला. फक्त एक, सुरुवातीला कुणाला काय करतेय ते सांगायचं नाही. मोर म्हणून सांगितलं की लोक मोर शोधतात आणि बदक दिसतं.

पावसाळ्यानंतर

पहिला पावसाळा संपला की नवरात्राच्या आसपास एक कोरडा दिवस बघून चमचा घ्या आणि सगळीकडं हलकं हलकं वाजवत जा. टणक आवाज आला तर ठीक. खोलगट, डबडब असा आला तर आत पकड सुटलीय, तिथं खडूनं गोल करा. तेवढा भाग छिन्नीनं काढून, आतलं झाडून, ओलं करून, नवा माल भरून परत तुकडे लावायचे, पडायची वाट बघायची नाही. चिरेत पाणी जाताना दिसत असेल तर सिमेंटच्या घट्ट पाण्यानं ब्रश मारा. झाडाचं रोप उगवलं असेल, विशेषतः पिंपळ, तर बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, दया दाखवू नका.

आमच्याकडं चमचा लागत नाही. नाना काठीच्या टोकानं वाजवत फिरतात, रोज सकाळी, मोरापासून भिंतीपर्यंत आणि परत. परवा स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन सांगून गेले, "डाव्या पंखाखाली वाजतंय बघ. खडू ठेवलाय तिथं."